अर्धं वाक्य श्रीशैलचं

पोरीच्या दारात जाऊन, तिच्याच हातचे पोहे खाऊन, तिलाच नावं ठेवून आला होता बनाक्काचा श्रीशैल. आणि तेही एका दमात, कुठंही न अडखळता! ज्या लेकाला स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट लागायचं, त्यानं हुपरीच्या पाहुण्यांच्या बैठकीत मांडी ठोकून म्हणावं, "मुलगी बरी आहे, पण घराला वळण दिसत नाही. पोह्यात शेंगदाणे मोजून टाकलेत." पोरीचा बाप उठून आत गेला. सोबत गेलेला दादाप्पा मामा चपला शोधायला लागला. आणि हा दिवटा म्हणे तोंड उघडं टाकून तसाच बसून राहिला, जसं काही दुसरंच कुणीतरी बोलून गेलंय.

बनाक्का दिवटेला हे वागणं खपण्यातलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतः जायची, पण पाय मोडून प्लॅस्टरमध्ये होता. गेली असती तर असं होतं काय? म्हणून आज तोच पाय ओढत, कुबडी आपटत ती इचलकरंजीहून मिरजेला आली होती, वाचेच्या डॉक्टरणीला जाब विचारायला. लेकाला मागून चालवत आणलं होतं, चोरी पकडलेल्या पोरासारखं.

"काय घातलंय तुमी ह्याच्या कानात?" ती खुर्चीवर बसायच्या आधीच कडाडली. "तोतरा हुता तवा बरा हुता. तोंडात शबुद न्हवता, पर घाण बी न्हवती. आमच्या घरात असलं कुणी बोलत न्हाई."

डॉक्टर शलाका जोग तिशीतली, केस पोरांसारखे कापलेली. बनाक्कानं तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. स्वतः बनाक्का तिसरी शिकलेली. मास्तरांशी भांडून शाळा सोडली, आणि त्यात नुकसान मास्तरांचं झालं असं तिचं आजही ठाम मत होतं. नवरा गेल्यावर चोवीस माग तिनं एकटीनं चालवले. अख्ख्या गल्लीत जुने साधे माग आता तिच्याकडंच उरले होते. त्या खडखडाटात दोन फुटांवरचं माणूस ऐकू येत नाही, पण बनाक्काची शिवी शेवटच्या मागापर्यंत पोचायची.

"मशीन मीच दिलंय," डॉक्टर म्हणाली. "बसा तर आधी. ते कसं चालतं ते सांगते."

"मला शिकवू नकासा. कानात हरभऱ्याएवढा दाणा हाय आन् बाकीचं फोनात हाय. ठावं हाय मला."

"बरं. मला एवढं सांगा, हा आरतीत अडखळतो?"

बनाक्कानं लेकाकडं बघितलं. "न्हाई. आरतीत बी न्हाई, आन् कारखान्यात बी न्हाई. मागाजवळ हुबा ऱ्हायला की पोपटावानी बोलतोय. घरात आला की म-म-म. म्हणून तर मी पयल्यापासनं म्हणतीया, हे नाटक हाय."

"नाटक नाही. बोलताना आपण आपलाच आवाज ऐकत असतो, आणि मेंदू त्यावर सारखी नजर ठेवून असतो. अडखळणाऱ्या माणसात ही राखण जरा बिघडलेली असते. मागाच्या खडखडाटात याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, मग राखण कशाची करणार? जीभ सुटते. आरतीत दुसरं कुणीतरी बरोबर म्हणत असतं, त्याच्या आधारानं जीभ चालते. शब्द न येणारे लोकसुद्धा अर्ध्या अक्षरानं मागून तोंड हलवतातच की."

हे मात्र बनाक्काला पटलं. गल्लीतल्या गणपतीत निम्मे लोक तसलेच असतात.

"मशीननं हेच केलं," डॉक्टर सांगत गेली. सेकंदाचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका उशीर करून, किंचित वेगळ्या पट्टीत, श्रीशैलचाच आवाज ते त्याच्या कानात सोडत होतं. मेंदूला वाटायचं, बरोबर कुणीतरी बोलतंय. म्हणूनच त्या सॉफ्टवेअरचं नाव 'सोबत'. असली यंत्रं तशी जुनीच. पण अकरा महिन्यांपूर्वी 'सोबत'ची नवी आवृत्ती आली आणि तिनं एक पाऊल पुढं टाकलं. आता ती नुसती मागून येत नव्हती. दिवसभर ऐकून ऐकून ती माणसाची वाक्यं शिकायची. मग माणूस कुठं अडला, की पुढचा शब्द त्याच्याच आवाजात आधी कानात म्हणायची. जीभ आरतीतल्यासारखी तिच्या मागून जायची.

"मग शिकली कुठनं ती असलं?" बनाक्कानं विचारलं. "कारखान्यात माग सोडून कायबी ऐकू येत न्हाई. भाईर हा कुणाशी बोलत न्हाई. ऱ्हायलं घर. घरात आमी दोघंच."

"हो," डॉक्टर म्हणाली. "घरातूनच शिकली."

तिनं टेबलावरचा पडदा वळवला आणि 'सोबत'नं घरात टिपलेला एक आवाज लावला. आधी श्रीशैल: "आई, म-मुलगी ब..." आणि तिथंच त्याच्यावर एक खणखणीत बाईचा आवाज पडला: "बरी हाय, पर घराला वळण दिसत न्हाई. पव्ह्यात शेंगदाणं मोजून टाकल्यात."

"ही कोण भवानी?" बनाक्का म्हणाली.

डॉक्टरनं दुसरं लावलं. "आई, म-मला ती..." "पसंत न्हाई, ठावं हाय मला. बापाच्या नाकासारखंच नाक हाय." तिसरं लावलं. "आई, प-परवाच्या..." "परवाच्या सुतात गाठी हुत्या, सांगितलं मी त्येला."

बनाक्का फोनवर दिवसाला शंभर निरोप बोलून पाठवायची. पण पाठवलेला निरोप परत ऐकायचा तिला कधी प्रसंग आला नव्हता. आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असतंच. तिसऱ्या वेळी मात्र 'सांगितलं मी त्येला'मधला हिसका तिला ओळखू आला. तिच्या सासूचा होता तो. आणि सासू तर पंधरा वर्षांपूर्वीच गेलेली.

"आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, जरा घुमल्यासारखा," डॉक्टर जरा मवाळ होऊन म्हणाली. "बाहेरून ऐकला की परका वाटतो. सगळ्यांनाच वाटतो."

"परका न्हाई वाटला. किरटा वाटला. तुमचा पेटारा खराब हाय."

"अकरा महिन्यांत श्रीशैलनं तुमच्यासमोर जेवढी वाक्यं सुरू केली, त्यातलं पंधरातलं एक त्यानं स्वतः संपवलं. बाकीची चौदा तुम्ही. 'सोबत'ला काय कळणार? तिला वाटलं, या माणसाची वाक्यं अशीच संपतात. 'मुलगी ब' म्हटलं की पुढं हेच येतं. पाच स्थळं पाहिलीत ना तुम्ही वर्षभरात?"

पाच पाहिली होती. पाचही बनाक्कानंच मोडली होती. ही सहावी मात्र तिला मनापासून चालणार होती. प्रणोती नाव. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवायला आणि दुरुस्त करायला ती कारखान्यात यायची. पहिल्याच दिवशी तिनं बनाक्काला तोंडावर सांगितलं होतं, "आक्का, तुमचं तेल घालायचंच चुकतंय." बनाक्का आठवडाभर धुमसली आणि मग स्वतःच दादाप्पाला म्हणाली, ही पोरगी बघ. पण हे 'सोबत'ला कोण सांगणार? तिला पाच नकार पाठ होते.

लाज वाटली की माणसं खाली बघतात. बनाक्का अशा वेळी समोरच्यावर जायची. "म्हंजे चूक माझी? पोरगं अडकलं तर आईनं हात द्यायचा न्हाई? चार लोकं बघत्यात, हा तोंड वासून हुबा, घाम फुटलाय, आन् मी बघत बसू व्हय? डॉक्टरीणबाई, तुमाला पोरं हाईत?"

"नाहीत."

"मग गप बसा." आणि ती लेकाकडं वळली. "आन् तू! तुला कळत न्हवतं काय बोलतोयस ते? मशीन म्हणलं हिरीत उडी मार, तर मारशील?"

श्रीशैलचा दाणा टेबलावर काढून ठेवलेला होता. त्यानं तोंड उघडलं. "त-त-ते..."

"ते आपोआप आलं म्हणं," बनाक्का म्हणाली.

डॉक्टरनं हात वर केला, रहदारीच्या पोलिसासारखा. बनाक्काला आयुष्यात कुणी असा हात दाखवला नव्हता. तिला एवढं आश्चर्य वाटलं की ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. श्रीशैलची मान ताणली गेली, डोळे मिटले गेले, ओठ थरथरले. बघवत नव्हतं.

"श-शब्द चुकीचं हुतं," तो शेवटी म्हणाला. "प-पर येत हुतं, आई. थ... थांबवलं असतं तर प-परत अडलो असतो."

"म्हणून चुकीचं तर चुकीचं, येतंय तेवढं सोडायचं? मग नळात आन् तुज्यात फरक काय रं?"

डॉक्टरनं दोन वाटा सांगितल्या. शिकलेलं सगळं पुसून नुसता जुना प्रतिध्वनी ठेवायचा. त्यात थोडं अडखळणं राहील, वाक्य त्याचं त्यालाच संपवावं लागेल आणि घरच्यांनी तोंड मिटून थांबावं लागेल. नाहीतर कंपनीची तयार भाषा घालायची. लाखो सभ्य माणसांच्या बोलण्यातून गोळा केलेली. एकदाही अडणार नाही, कुणालाही दुखावणार नाही. "मी पहिली वाट सुचवेन," ती म्हणाली.

श्रीशैलनं बोट दुसऱ्या वाटेकडं केलं. बोटाला अडखळायला होत नाही.

पुढचा महिना बनाक्कानं डॉक्टरणीला खोटं पाडायचं म्हणून घरात तोंड मिटून काढला. लेकाच्या एकाही वाक्याला हात लावला नाही. गरजच पडत नव्हती म्हणा. लेक आता असा बोलायचा, की ऐकून तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. सकाळी चहाचा कप हातात दिला की म्हणायचा, "आपण घेतलेल्या कष्टांबद्दल मनापासून आभार." भाकरी करपली तर म्हणायचा, "प्रत्येकाकडून चूक होऊ शकते." मागांची दुरुस्ती बघणारा रामय्या जॉबर दारू पिऊन आला आणि सुताचे दोन बीम मागावर उलटे चढवून बसला, तेव्हा त्याला म्हणाला, "आपण यावर सकारात्मक चर्चा करू या." रामय्यानं त्याला हात जोडले आणि मागं वळून पोट धरून हसला. सूतवाले व्यापारी मात्र खूश. मुलगा सुधारला म्हणाले, संस्कार दिसतात म्हणाले. बनाक्काला हे संस्कार ओळखीचे होते. घरपट्टीच्या नोटिशीवर असतात, आणि फोन लागत नाही तेव्हा जी बाई बोलते तिच्या तोंडात असतात.

एका दुपारी न राहवून ती म्हणाली, "मला एक शिवी घाल रं."

"आपल्या भावना मी समजू शकतो," श्रीशैल म्हणाला.

डोळे मात्र समजत असल्यासारखे दिसत नव्हते. ते कुठंतरी मागं राहिले होते.

दादाप्पा मामानं रदबदली करून हुपरीची बैठक पुन्हा जमवली. माफी मागायची, पोरीनं हो म्हटलं तर सुपारी फोडायची. नाही म्हटलं तर हे स्थळ संपलं. पोरीचे वडील शिवाप्पा चांदीचे कारागीर, पैंजणांच्या साखळ्या ओढण्यात उभा जन्म गेलेला. मागच्या अपमानानं अजून लाल होते. त्यांनी पोहे ठेवलेच नाहीत. नुसता चहा.

श्रीशैलनं सुरुवात केली. आवाज कसा, लोण्यातून सुरी जावी तसा. "मागील भेटीत माझ्याकडून अनवधानानं जे उद्गार निघाले, त्यामुळं आपल्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीर आहे. आपल्या कुटुंबाबद्दल मला नितांत आदर आहे."

शिवाप्पांचा लाल चेहरा हळूहळू निवळला. "आता कसं माणसासारखं बोललात!"

"हिरा आहे हिरा," मामा म्हणाला.

बनाक्काच्या तोंडात सुपारीचं खांड होतं. तिनं ते दाढेखाली धरलं. माणसासारखं? माझ्या तोंडचं बोलत होता तेव्हा निदान घरातलं तरी बोलत होता. आता दारोदार मागून आणलेलं बोलतोय, आणि ह्या बावळटांना ते गोड लागतंय.

प्रणोती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माफी ऐकली, मान हलवली नाही. "एक विचारू?" ती म्हणाली. "मी तुम्हाला का पसंत आहे?"

"आपला मनमिळाऊ स्वभाव आणि कुटुंबाला जोडून ठेवण्याची वृत्ती मला भावली," श्रीशैल म्हणाला.

"मनमिळाऊ? मी?" प्रणोती हसली, पण गोड नाही. "गेल्या पावसाळ्यात तुमच्या सतराव्या मागाजवळ तुम्ही मला म्हणाला होता, 'तुम्ही कार्ड बसवता की मागाशी भांडता?' त्या आवाजात कानाशी तोंड आणून ओरडून बोलायचो आपण. तीन महिने. लहानपणी घरात पाहुणे आले की मागांच्या मागं जाऊन बसायचो, हे तुम्ही सांगितलंत. पाहुण्यांची नक्कल करून दाखवलीत. तो माणूस मला माहीत आहे. त्या दिवशी इथं बसून पोह्यांना नावं ठेवली तो कोण होता ते माहीत नाही. आणि आत्ता बोलला तो तर आणखीनच माहीत नाही."

बनाक्का सुपारी चावायची थांबली. तीन महिने? नक्कल? तिच्या कारखान्यात, तिच्या नाकाखाली, हे पोरगं एवढं बोलत होतं? आणि ती आपली गेटाजवळच्या खोलीत बसून म्हणत होती, ह्याला बोलता येत नाही.

श्रीशैलच्या कानात काहीतरी चाललं होतं. ते दिसत होतं; ओठ हलायला लागलेच होते. त्यानं कानाला हात घातला, दाणा काढला आणि समोरच्या रिकाम्या बशीत ठेवला. टिक असा आवाज झाला.

"म-म-मला..."

रस्त्यावरून एक गाडी गेली.

"म-म-म-मला..."

"आवडली म्हणतोय!" मामा पुढं सरसावला.

"विचार करायला वेळ पाहिजे का?" शिवाप्पा म्हणाले. "घ्या की. आमची घाई नाही."

"तुमी दोघंबी गप बसा!" बनाक्काचा आवाज खोलीत आपटला. मग तिचं तिलाच कळलं की आता आपण गप्प बसायचं आहे. आणि ते डोंगराएवढं कठीण होतं. 'मला'च्या पुढची तीन वाक्यं तिच्या जिभेवर तयार उभी होती. 'मला माफ करा.' 'मला पोरगी पसंत हाय.' 'मला मशीन नको.' तिन्ही चांगली, तिन्ही योग्य, कुठलंही एक म्हटलं की झालं. लेकाची मान ताठली होती, गळ्याची शीर फुगली होती, कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडला होता. एकोणतीस वर्षं हे तिला बघवलं नव्हतं, म्हणून तिनं बघितलंच नव्हतं. दर वेळी आधीच बोलून टाकलं होतं. तिनं दाढेखालची सुपारी अशी करकचून चावली की दाढ दुखली.

"मला भ-भ-भीती वाटती," श्रीशैल म्हणाला.

तिन्हींपैकी एकही वाक्य नव्हतं.

"तुमी आ-आमच्या घरात य-येशीला..." त्यानं श्वास घेतला. कुणी हललं नाही. "...आन् त-तुमचं बी बोलणं ब... ब... बंद हुईल. आई स-समदं बोलती. द-दुसऱ्याला जागा ऱ्हात न्हाई."

मामानं डोळे मिटून घेतले. शिवाप्पांनी नजर चुकवून चहाच्या कपात बघितलं. चार माणसांत, दुसऱ्याच्या घरात, सोयरीक ठरायच्या वेळी पोटच्या पोरानं आईला असं म्हणावं, हे त्या खोलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

प्रणोतीनं चौकट सोडली आणि येऊन श्रीशैलसमोर बसली. "मला गप्प करणारं अजून जन्माला यायचंय," ती म्हणाली, आणि सरळ बनाक्काकडं बघितलं. "बाबा, माझं हो आहे. आता आक्का काय म्हणतात ते बघा."

सगळ्यांच्या माना बनाक्काकडं वळल्या. सुपारीचा चुरा तिनं पदराच्या टोकात काढला, नीट गाठ मारली, कुबडी ओढून घेतली आणि उठून लेकासमोर उभी राहिली. तो वर बघायला तयार नव्हता. कुबडीच्या टोकानं तिनं त्याची हनुवटी वर केली.

"श्रीशैल्या, बेइमान हाईस तू. चार लोकांत आईची अब्रू काढलीस, आन् ती बी हप्त्याहप्त्यानं. सरळ काढायची बी ताकद न्हाई तुज्यात. पर तू काय बोलणार, ते आज पयल्यांदाच मला ठावं न्हवतं. जा, फोड सुपारी. झालास लग्नाच्या लायकीचा."